राज्यपद्धती बदलावी असे वाटणे हा देशद्रोह आहे काय?

प्रजासत्ताकदिनी सकाळच्या मिस्सानंतर चर्चच्या पटांगणात झेंडावंदन झाले, मुलांना खाऊ वाटला गेला आणि मग शाळेच्या एका वर्गात युवकांची छोटी बैठक भरली. विषय होता ‘आपली राज्यघटना’. कॉलेजात शिकणारा एक तरुण उभा राहिला आणि म्हणाला, “ही संसदीय पद्धत आता पुरे झाली. आमदार-खासदार आज या पक्षात, उद्या त्या पक्षात. त्यापेक्षा अमेरिकेसारखा लोकांनी थेट निवडलेला अध्यक्ष असावा.” कोणी काही बोलण्याआधीच मागच्या बाकावरचे एक ज्येष्ठ धर्मग्रामस्थ उठले. “अरे पोरा, आज दिवस कोणता? आणि आजच्या दिवशी तू घटना बदला म्हणतोस? हा देशद्रोह आहे.” मग क्षणभर थांबून, आवाज खाली आणून ते म्हणाले, “आणि आपल्या लोकांनी तर असे बोलूच नये. आधीच आपल्याकडे बोट दाखवायला लोक टपलेले आहेत.”

तरुण खाली बसला. कोणीतरी विषय बदलला, चहा आला, बैठक संपली. आम्ही तिथे हजर होतो आणि आम्हीही गप्प राहिलो. घरी येताना ते गप्प राहणे टोचत होते, म्हणून आज हे लिहीत आहोत.

त्या ज्येष्ठांनी खरे तर दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे, राज्यपद्धती बदलावी असे वाटणे हाच देशद्रोह. दुसरी म्हणजे, आपण अल्पसंख्य आहोत, तेव्हा मनात आले तरी ओठावर आणू नये. पहिली गोष्ट विचाराची आहे, दुसरी भीतीची. आमच्या मते वर्गातला तरुण पहिल्या वाक्याने नव्हे, दुसऱ्या वाक्याने खाली बसला.

आधी पवित्र शास्त्राकडे वळू या. राज्यपद्धती बदलण्याची मागणी बायबलमध्ये अगदी स्पष्ट शब्दांत आली आहे. शमुवेलच्या पहिल्या पुस्तकाचा आठवा अध्याय काढून पाहावा. तोवर इस्राएल लोकांना राजा नव्हता. संकट आले की देव एखादा शास्ता उभा करी. शमुवेल म्हातारा झाला आणि त्याने आपल्या मुलांना, योएल आणि अबीया यांना, शास्ते नेमले. मुले लाच खाऊ लागली, न्याय विकू लागली. तेव्हा इस्राएलचे वडीलधारे रामा गावी शमुवेलकडे आले आणि त्यांनी सांगितले की, इतर राष्ट्रांना आहे तसा आम्हांलाही राजा नेमून द्या.

शमुवेलला हे मुळीच आवडले नाही. देवालाही ही मागणी सुखाची वाटली नाही. लोकांनी तुला नव्हे, मलाच नाकारले आहे, असे देव त्याला सांगतो. तरीही देव शमुवेलला काय करायला लावतो? त्यांचे ऐक, असे सांगतो. फक्त राजा आला म्हणजे काय काय होईल ते त्यांना आधी नीट समजावून सांग. मग शमुवेल हिशेबच मांडतो. राजा तुमच्या मुलांना आपल्या रथांपुढे धावायला लावील, मुलींना स्वयंपाकाला आणि भट्टीवर ठेवील, चांगली शेते आणि द्राक्षमळे आपल्या नोकरांना देईल, धान्याचा दहावा हिस्सा घेईल. एवढे ऐकूनही लोक हटून बसले आणि देवाने त्यांना राजा दिला.

या अध्यायावरून आम्हांला दोन-तीन गोष्टी जाणवतात. लोकांची तक्रार खोटी नव्हती; शमुवेलची मुले खरोखरच भ्रष्ट होती. त्यांचे कारण मात्र कच्चे होते. शेजाऱ्याकडे आहे म्हणून आम्हांलाही हवे, हे कारण आमच्याकडे नवीन टीव्ही घेतानाही चालते. पण कारण कच्चे असूनही देवाने त्यांना द्रोही ठरवले नाही. त्याने त्यांना किंमत सांगितली आणि निर्णय त्यांच्यावर सोडला. आणि पुढची गंमत अशी की, जी पद्धत देवाला पसंत नव्हती, त्याच पद्धतीतून दावीद आला आणि दाविदाच्या गावी, बेथलेहेमात, आपला तारणारा जन्मला.

आता थोडे घरचे पाहू या. आमच्या वसईच्या मातीने किती सरकारे पाहिली? १५३४ साली गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला आणि मराठ्यांचा अंमल सुरू झाला. १८१८ साली पेशवाई संपली आणि इंग्रजी राज्य पक्के झाले. १९४७ साली स्वातंत्र्य, १९५० साली प्रजासत्ताक, १९६० साली महाराष्ट्र राज्य. या सगळ्या काळात बावखले तीच होती, वाडीतल्या केळी आणि पानवेली त्याच होत्या. देशभक्ती म्हणजे चालू राज्यपद्धतीशी निष्ठा असे मानले, तर आमच्या पूर्वजांनी चार-चार वेळा देश सोडला असे म्हणावे लागेल. त्यांनी तर गावाची वेसही ओलांडली नव्हती! देश ही माणसांची, मातीची, भाषेची, एकमेकांच्या ओझ्याची गोष्ट आहे. राज्यपद्धती ही त्या देशाचा कारभार चालवण्याची रीत. रीत वाईट असली तर देशाचे हाल होतात, म्हणून ती क्षुल्लक नाही. पण ती म्हणजे देश नव्हे.

हा फरक आम्ही शोधून काढलेला नाही. तो ऐन लढाईत मांडला गेला आहे, आणि त्या लढाईत आपल्यातला एक माणूस होता. माझगावच्या भंडारवाडा टेकडीवरच्या बागेला ज्यांचे नाव आहे ते जोसेफ बॅप्टिस्टा, म्हणजे लोकांचे ‘काका’ बॅप्टिस्टा. माझगावच्या माथारपाखाडीतले हे ईस्ट इंडियन कॅथलिक, केंब्रिजला शिकून आलेले बॅरिस्टर, लोकमान्य टिळकांचे जवळचे सहकारी. १९१६ च्या एप्रिलमध्ये बेळगावात होमरूल लीग स्थापन झाली तेव्हा तिचे अध्यक्ष झाले काका बॅप्टिस्टा आणि चिटणीस न. चिं. केळकर. आमच्या मुलांना हे नाव शाळेच्या पुस्तकात सहसा भेटत नाही. घरातही आम्ही सांगत नाही, हा दोष मात्र आमचाच.

होमरूल म्हणजे काय मागणे होते? राजा बदला असे नव्हे. कारभाराची रीत बदला, हे मागणे होते. इंग्लंडचा बादशहा राहू दे, पण हिंदुस्थानचा कारभार विलायतेतून आलेल्या नोकरशाहीने न करता इथल्या लोकांनी करावा. टिळकांनी १ मे १९१६ रोजी बेळगावात आणि त्यानंतर ३१ मे व १ जून रोजी अहमदनगरात (आताचे अहिल्यानगर) मराठीतून व्याख्याने दिली. त्यांत त्यांनी मोठा मार्मिक भेद केला. सरकार दोन प्रकारचे असते, एक डोळ्यांना न दिसणारे आणि एक दिसणारे. न दिसणाऱ्या सरकारशी आमचे भांडण नाही. दिसणारे सरकार म्हणजे अधिकारी, त्यांची व्यवस्था, ती बदलता येते आणि ती बदला असे म्हणणे हा राजद्रोह नाही.

सरकारला हा भेद पटला नाही. २३ जुलै १९१६ रोजी, साठाव्या वाढदिवसाचा समारंभ चालू असतानाच, टिळकांच्या हातात नोटीस पडली. पुण्याच्या जिल्हा मॅजिस्ट्रेटने हुकूम केला की, एक वर्ष चांगल्या वर्तणुकीची हमी म्हणून टिळकांनी २०,००० रुपयांचा जातमुचलका आणि प्रत्येकी १०,००० रुपयांचे दोन जामीन द्यावेत. प्रकरण मुंबई हायकोर्टात गेले. टिळकांची बाजू मांडली बॅरिस्टर जिना यांनी. ९ नोव्हेंबर १९१६ रोजी न्या. बॅचलर आणि न्या. शहा यांनी तो हुकूम रद्द केला. व्याख्याने समग्र वाचली असता, कारभारात बदल मागणे हा त्यांचा हेतू दिसतो, तो गुन्हा होत नाही, असा निकालाचा आशय होता.

लक्षात घ्या, हा निकाल परक्या राज्यातल्या कोर्टाने, महायुद्ध चालू असताना, आठच वर्षांपूर्वी राजद्रोहासाठी सहा वर्षे मंडालेला धाडलेल्या माणसाच्या बाजूने दिला. परक्या सरकारच्या न्यायाधीशांना जे समजले ते आम्हांला आमच्याच प्रजासत्ताकात, आमच्याच शाळेच्या वर्गात समजू नये?

कोणी म्हणेल, तो पारतंत्र्याचा काळ होता. आता राज्य आपले आहे, घटना आपली आहे, आता बदल कशाला मागायचा? आक्षेप वजनदार आहे. म्हणून ज्यांनी घटना केली त्यांनाच विचारू या. घटना समितीत सगळे एका सुरात बोलत नव्हते. प्रा. के. टी. शहा यांनी अमेरिकेच्या धर्तीवर सत्तांची काटेकोर विभागणी असावी म्हणून दुरुस्त्या मांडल्या. त्या फेटाळल्या गेल्या, पण त्यांना कोणी समितीबाहेर काढले नाही. आपल्या संघाचे फादर जेरोम डिसोझा हे येशूसंघीय धर्मगुरूही त्या सभागृहात होते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दोन्ही पद्धती तागडीत घातल्या. अध्यक्षीय पद्धतीत स्थैर्य जास्त, संसदीय पद्धतीत जबाबदारी जास्त. तिथे सरकारचा हिशेब ठरावीक मुदतीने होतो, इथे रोज सभागृहात होतो. दोन्ही एकदम पूर्ण मिळत नाहीत, म्हणून मसुद्याने जबाबदारीला झुकते माप दिले, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे आमच्या तरुणाने जो प्रश्न विचारला, तोच प्रश्न बाबासाहेबांनी स्वतः विचारून उत्तर दिले होते. उत्तर द्यायचे होते ते हे! ‘बस खाली’ हे उत्तर नव्हते.

आणखी एक. २५ नोव्हेंबर १९४९ च्या अखेरच्या मोठ्या भाषणात बाबासाहेबांनी अमेरिकेच्या जेफर्सनचा हवाला दिला. प्रत्येक पिढी जणू एक स्वतंत्र राष्ट्र आहे, मागच्या पिढीने पुढच्या पिढीला कायमचे बांधून टाकू नये, हा तो विचार. याच कारणाने आपण घटनेवर अंतिमपणाचा शिक्का मारला नाही, दुरुस्तीची वाट सोपी ठेवली, असे त्यांनी सांगितले. ती वाट म्हणजे कलम ३६८. त्या वाटेने २०२३ सालापर्यंत १०६ दुरुस्त्या झाल्या. गावोगावच्या ग्रामपंचायतींना आणि नगरपालिकांना घटनेत जागा देणाऱ्या १९९२ च्या ७३व्या आणि ७४व्या दुरुस्त्याही त्यांतच येतात. बदल मागणे हे घटनेच्या विरुद्ध असते, तर घटनेने बदलाचे दार ठेवलेच नसते.

कायद्याचेही थोडे सांगितले पाहिजे, कारण भीती बहुधा तिथून येते. इंग्रजांनी १८७० साली दंडसंहितेत घातलेले राजद्रोहाचे कलम १२४-अ स्वातंत्र्यानंतरही राहिले. १९६२ साली केदारनाथ सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला मर्यादा घातली: हिंसेला किंवा सार्वजनिक अव्यवस्थेला चिथावणी असेल तरच गुन्हा. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कलमाचा वापर स्थगित केला आणि १ जुलै २०२४ पासून जुनी दंडसंहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम १५२ मध्ये देशाचे सार्वभौमत्व, ऐक्य आणि अखंडता धोक्यात आणणाऱ्या कृत्यांना कडक शिक्षा आहे, पण कायदेशीर मार्गाने बदल घडवण्यासाठी सरकारच्या कृतीवर केलेली टीका त्यात येत नाही, असा खुलासाही तिथेच आहे. कायदा कागदावर एक आणि चौकीत दुसरा, हा अनुभव आपल्याला आहे, हे आम्ही नाकारत नाही.

ख्रिस्तसभेच्या इतिहासात हा प्रश्न फार कडवटपणे उभा राहिला तो फ्रान्समध्ये. ती हकीगत आम्हांला विशेष महत्त्वाची वाटते, कारण तिथे आपलेच लोक चुकले आणि त्यांना पोपमहोदयांनी वेळेवर सांगितले.

१८७० साली तिसरा नेपोलियन पडला आणि फ्रान्समध्ये प्रजासत्ताक जाहीर झाले. पण पहिल्या निवडणुकीत बहुमत आले राजेशाहीवाल्यांचे. राजा तयार होता, शांबोरचे काउंट. ते अडून बसले कशावर? झेंड्यावर! तिरंगी नको, बूर्बाँ घराण्याचा पांढराच झेंडा हवा. त्यात राज्य गेले. १८७५ च्या जानेवारीत एका मताने, ३५३ विरुद्ध ३५२, प्रजासत्ताकाच्या बाजूने ठराव झाला. एका मताने राष्ट्राची राज्यपद्धती ठरते, हे वाचले की या पद्धतींना देवाची आज्ञा समजणे किती कठीण आहे ते कळते.

फ्रान्सच्या बहुसंख्य धार्मिक कॅथलिकांना हे प्रजासत्ताक म्हणजे सैतानाचे राज्य वाटे. त्याला कारणेही होती. १८८० साली येशूसंघीयांना हाकलले गेले, पुढे शाळांतून धर्मशिक्षण काढले गेले. ते म्हणत, राजा म्हणजेच फ्रान्स, राजा नाही तर देश नाही, धर्मही नाही. उलट प्रजासत्ताकवाले म्हणत, ज्याला राजा हवा तो फ्रान्सचा शत्रू. आम्ही ही दोन्ही वाक्ये शेजारी-शेजारी ठेवून पाहतो तेव्हा वाटते की, ही दोन भांडणारी माणसे एकच चूक करीत होती. दोघांनीही देश आणि राज्यपद्धती एकच मानली होती. भांडण फक्त कोणती पद्धत याचे होते.

१२ नोव्हेंबर १८९० रोजी अल्जीयर्समध्ये कार्डिनल लाव्हिजरी यांनी फ्रेंच नौदलाच्या अधिकाऱ्यांना मेजवानी दिली आणि भाषणात सांगितले की, लोकांची इच्छा स्पष्ट झालेली आहे, आता कॅथलिकांनी प्रजासत्ताक मनापासून स्वीकारावे. त्यांच्या मिशन-शाळेच्या मुलांनी बँडवर ‘मार्सेयेज’ वाजवले. पाहुण्यांना घास गिळेना, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. १६ फेब्रुवारी १८९२ रोजी पोप तेरावे लिओ यांनी फ्रेंच भाषेतच एक परिपत्रक काढले. हेच ते पोपमहोदय, ज्यांनी आदल्या वर्षी कामगारांच्या हक्कांवरचे प्रसिद्ध परिपत्रक दिले आणि ज्यांचे नाव २०२५ साली निवडून आलेल्या पोप चौदावे लिओ यांनी घेतले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. राजेशाही, साम्राज्य, प्रजासत्ताक, कोणतीही पद्धत समाजाच्या कल्याणासाठी झटत असेल तर ती चांगली असू शकते. यातली कोणतीही कायमची नसते. काळ त्या बदलत आला आहे. पण आज जी प्रस्थापित आहे तिचा स्वीकार करा. स्वीकार म्हणजे तिच्या प्रत्येक कायद्याला मान डोलावणे नव्हे. राज्यसत्ता वेगळी आणि तिने केलेले कायदे वेगळे. अन्यायाच्या कायद्यांना सर्व सनदशीर मार्गांनी विरोध करा.

हा उपदेश सर्वांनी ऐकला नाही. अनेक कॅथलिक राजेशाहीला चिकटून राहिले. पुढे ड्रेफस नावाच्या निरपराध ज्यू सैन्याधिकाऱ्याच्या प्रकरणात अनेक कॅथलिक वर्तमानपत्रांनी अत्यंत लाजिरवाणी भूमिका घेतली, तीही देशभक्तीच्या नावाने. १९०५ साली राज्य आणि चर्च यांची फारकत झाली ती कडवटपणानेच.

पुढे १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात तेच तत्त्व शांतपणे नोंदवले. राजकीय अधिकार हा मानवी स्वभावातून, म्हणून देवाच्या योजनेतून येतो. पण त्याचे रूप कोणते असावे आणि राज्यकर्ते कोण असावेत, हे नागरिकांच्या मुक्त निवडीवर सोडलेले आहे. त्याच दस्तऐवजात देशप्रेम उदार असावे, संकुचित नसावे, असेही सांगितले आहे. तेव्हा अध्यक्षीय पद्धत हवी म्हणणाऱ्या तरुणाला किंवा संसदीयच बरी म्हणणाऱ्या ज्येष्ठांना धर्मसिद्धान्ताच्या नावाने गप्प करण्याचा अधिकार कोणाला नाही.

इथपर्यंत वाट सोपी होती. आता अवघड जागा येते.

विरार लोकलमध्ये आम्ही नेहमी ऐकतो, ‘या देशाला एक हुकूमशहाच पाहिजे, दहा वर्षे, मग बघा!’ कधी कधी आणखी पुढचे ऐकू येते, की हा देश एकाच धर्माचा आहे, तशी घटना करा, बाकीच्यांनी मुकाट राहावे. आता आमच्याच तत्त्वाप्रमाणे यांनाही देशद्रोही म्हणता येणार नाही, होय ना? आम्हांला हे उत्तर देताना जड जाते, तरी देतो. नाही म्हणता येणार. बोलणारा बहुधा शिव्या खाऊन, धक्के खाऊन कंटाळलेला नोकरदार असतो. त्याचे देशावर प्रेम नाही असे म्हणणे खोटे ठरेल. आम्हांला ते बोट लावलेले आवडत नाही, तर आम्ही दुसऱ्याला लावू नये.

पण देशद्रोही नाही म्हणजे बरोबर आहे, असे नव्हे. संसदीय की अध्यक्षीय, हा कारभाराच्या रीतीचा वाद आहे; दोन्हीकडे शेजारी शेजारीच राहतो. ज्या पद्धतीत आपल्याच काही शेजाऱ्यांना घरात भाडेकरूसारखे राहावे लागते, ती मात्र त्या देशाच्याच काही भागावर प्रेम करायला नकार देते. हे सांगताना आम्ही हात धुऊन मोकळे होत नाही. सोळाव्या शतकात याच वसईत एकाच धर्माचे राज्य होते आणि तो धर्म आपला होता. पोर्तुगीज अमलात देवळे पाडली गेली, हिंदूंच्या उघड पूजाअर्चेवर बंदी आली. ते राज्य आम्हांला आज नको आहे, आणि आमच्या बाजूचे असते तरी नको. हे मोकळेपणाने म्हणता आले, तरच दुसऱ्याच्या तशा इच्छेला विरोध करण्याचा आम्हांला तोंड उघडण्याइतका हक्क उरतो.

२४ एप्रिल १९७३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तेरा न्यायाधीशांनी, सात विरुद्ध सहा अशा बहुमताने, घटनेत दुरुस्ती करता येते पण तिची मूलभूत चौकट मोडता येत नाही, असे ठरवले. तो खटला आणला होता केरळमधल्या एका हिंदू मठाच्या प्रमुखांनी, केशवानंद भारतींनी, मठाच्या जमिनीसाठी. एका स्वामींच्या जमिनीच्या दाव्यातून आपल्या चर्चचेही संरक्षण झाले. असे शेजार आम्हांला हवे आहे.

राहिली ती दुसरी गोष्ट, भीतीची. ‘आपल्या लोकांनी असे बोलू नये.’ यिर्मया संदेष्ट्याची आठवण येते. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमला वेढा घातला होता आणि यिर्मया सांगत होता, शरण जा, वाचाल. सरदार राजाला म्हणाले, हा माणूस सैनिकांचे हात गाळतो, याला लोकांचे भले नको, वाटोळे हवे. म्हणजे देशद्रोहीच. त्याला दोर लावून हौदात सोडले. खाली पाणी नव्हते, चिखल होता. तो चिखलात रुतला. त्याला बाहेर काढले एबद-मेलेख नावाच्या कूशी परदेशी सेवकाने. काखेत दोर रुतू नयेत म्हणून त्याने आधी जुन्या चिंध्या खाली टाकल्या. पुढे यरुशलेम पडले. बाबेलच्या सेनापतीने यिर्मयाला सोडवून विचारले, माझ्याबरोबर बाबेलला ये, तुझी नीट काळजी घेईन. नाहीतर इथे कुठेही राहा. तो राहिला. उजाड देशात मागे उरलेल्या दरिद्री माणसांमध्ये राहिला. त्याला चिखलात टाकणाऱ्यांनी स्वतःला देशभक्त म्हणवून घेतले होते.

भीती खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. आमच्यापैकी अनेकांना नावावरून, आडनावावरून, ‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा प्रश्न ऐकावा लागतो. उत्तर देताना आम्ही झेंडा जरा जास्त उंच धरतो, घोषणा जरा मोठ्याने देतो. पण जो नागरिक केवळ होय म्हणू शकतो, तो पाहुण्यासारखा वागतो. जेवण कसे आहे विचारले की पाहुणा छानच म्हणतो. मीठ कमी आहे हे घरचा माणूस सांगतो. काका बॅप्टिस्टांना परक्या राज्यात मीठ कमी आहे म्हणायची लाज वाटली नाही, तर आम्हांला स्वतःच्या घरात का वाटावी?

आणि आम्ही हे कधी म्हटलेच नाही असेही नाही. जुलै २००९ मध्ये चार नगरपरिषदा आणि ५३ ग्रामपंचायती एकत्र करून वसई-विरार महानगरपालिका झाली, तेव्हा आमच्या गावांनी काय केले? ‘आम्हांला महानगरपालिका नको, आमची ग्रामपंचायत हवी’ म्हणून गावेच्या गावे उठली, मोर्चे निघाले, उपोषणे झाली. २९ गावे वगळण्याचा तो प्रश्न पुढे अनेक वर्षे मंत्रालयात आणि कोर्टात फिरत राहिला. महानगरपालिकेने पाणी आणि रस्ते मिळतील म्हणणारेही आपल्यात होते, त्यांचेही म्हणणे ऐकण्यासारखे होते. आमची ग्रामपंचायत द्या ही मागणी म्हणजे वेगळ्या राज्यपद्धतीचीच मागणी होती, आकाराने लहान इतकेच. तिला कोणी देशद्रोह म्हटले असते तर आम्ही हसलो असतो.

हा लेख लिहून झाल्यावर आम्ही तो त्या ज्येष्ठ धर्मग्रामस्थांना आधी वाचून दाखवला. त्यांच्याविषयी लिहायचे आणि त्यांनाच कळू द्यायचे नाही, हे बरे वाटले नाही. त्यांनी शांतपणे ऐकले. ग्रामपंचायतीचा भाग आला तेव्हा ते म्हणाले, “त्या मोर्चात मी होतो. पण ते वेगळे होते.” कसे वेगळे, असे आम्ही विचारले. त्यांनी बराच वेळ विचार केला. मग म्हणाले, “तेव्हा आम्ही सगळे एकत्र होतो. हिंदू, ख्रिस्ती, आगरी, सामवेदी, सगळे. म्हणून भीती वाटली नाही.”

अध्यक्षीय पद्धत त्यांना अजूनही पटलेली नाही. एका माणसाच्या हातात एवढी सत्ता देऊ नये, शमुवेलने सांगितले तेच खरे, असे त्यांचे मत आहे. येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर त्याच वर्गात पुन्हा बैठक आहे. त्या तरुणाला त्यांनी स्वतः निरोप पाठवला आहे, आणि २००९ च्या मोर्चाचे एक पत्रक त्यांच्या कपाटात कुठेतरी आहे, ते सापडले तर घेऊन येणार आहेत.